प्रश्न उद्भवत नाही

शिंक आली तेव्हा मी नुकताच राज्यपाल झालो होतो. म्हणजे कागदावर. आमच्या ज्ञातीच्या मासिकाचा विशेषांक निघायचा होता. पुढच्या महिन्यात नवं राज्य येतंय, मुंबईसकट येतंय, तेव्हा ज्ञातीतल्या कर्त्या पुरुषांची ओळख नव्या पिढीला व्हावी असं संपादकांच्या मनात आलं आणि ते म्हणाले, तुमचं तुम्हीच लिहून द्या, म्हणजे चूक राहायची नाही. आमच्यात हे चालतं. माणूस स्वतःबद्दल स्वतःच ‘ते’ म्हणून लिहितो आणि खाली संपादकाची सही पडते. ‘त्यांचा जन्म ठाकूरद्वार येथे झाला. त्यांचे आजोबा सेक्रेटरिएटात हेडक्लार्क होते.’ इथपासून गाडी सुरळीत चालली होती. वकिली झाली, सरकारी वकिली झाली, न्यायमूर्ती झाले, आणि त्रेपन्न साली उत्तरेकडच्या एका राज्याचे राज्यपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली, हे वाक्य संपवून मी पेनाचं टोक पुसत होतो. पुढचं वाक्य छप्पन्न सालचं होतं. तेवढ्यात नाकात झणका गेला, एकामागून एक चार शिंका आल्या आणि ‘नेमणूक’वर शाईचा थेंब पडला. मागच्या पडवीत मिरच्या भाजल्या जात होत्या. चैत्र लागला की आमच्याकडे वर्षाचा संभार, म्हणजे मसाला, होतो. मिरच्या, धणे, गहू, हरभऱ्याची डाळ, हिंग, सगळं वेगवेगळं भाजून उखळात कांडायचं. आपण प्रभू, परभ्याच्या घरात एक वेळ देव नसला तरी चालेल, संभार पाहिजे, असं माझी आई म्हणायची. मी रुमाल नाकाला लावून बसून राहिलो. मग मुसळ पडायला लागलं.

मुसळाचा आवाज सगळ्यांचा सारखा नसतो. गेली दोन वर्षं जी बाई येत होती ती धपाधप घाव घालून मोकळी व्हायची. हा घाव संथ होता. एक घाव, मग मुसळ हातात फिरवल्यासारखा जरा विसावा, मग दुसरा. हा आवाज मी कोर्टाचे निकाल लिहीत असताना पंधरा-वीस उन्हाळे ऐकला होता. माझा उजवा हात आपसूक डाव्या मनगटावर गेला. चार वर्षं झाली, मी घड्याळ वापरत नाही. लोकांना वाटतं, निवृत्त माणसाला वेळेचं काय. वासंती दारात आली. तिचेही डोळे मिरचीनं पाणावले होते. “शांता आलीय,” ती म्हणाली. “मी बोलावलं नव्हतं. सकाळी दारात उभी. म्हणाली, वहिनी, या वर्षी मी कांडते.” मी बरं म्हणालो. वासंती थोडा वेळ तशीच उभी राहिली, मी आणखी काही बोलतो का ते पाहत. आमच्या लग्नाला एकेचाळीस वर्षं झालीत. मी कधी बोलणार नाही हे तिला नेमकं कळतं. ती परत गेली. मी कागदाकडे पाहिलं. ‘जानेवारी छप्पन्नमध्ये’ असं लिहिलं आणि थांबलो.

शांता रामूची बायको. आणि रामू कोण, हे सांगायला जरा मागं जावं लागेल. त्याची आई गंगुबाई आमच्याकडे कामाला होती, रत्नागिरीकडची. माझ्याआधी आईचे तीन मुलगे गेले होते, मी चौथा, एकटाच तगलेला. पिठोरीच्या अवसेला आई चौसष्ट योगिनींच्या चित्राची पूजा करायची, मग पाठमोरी बसून वाण डोक्यावर धरायची आणि विचारायची, अतीत कोण? मागून मुलानं आपलं नाव सांगायचं, वाण घ्यायचं. एकट्या मुलाचा आवाज देवीला कमी पडेल असं कुणीतरी आईच्या डोक्यात भरवलं. मग तिनं गंगुबाईच्या रामूला माझ्या शेजारी उभं केलं. मी दहा वर्षांचा, तो चार. आई म्हणाली, अतीत कोण? मी घसा साफ करीपर्यंत रामू ओरडला, मी रामू. आई हसली आणि वाण त्याच्या हातात गेलं. पुढं दर वर्षी तो असायचा. मी मॅट्रिकला गेलो तरी असायचा. मोठा झाल्यावर गिरणीत लागला, लालबागला चाळीत खोली घेतली, जॉबर, म्हणजे खात्यावरचा मुकादम, झाला, पण पिठोरीला संध्याकाळी पांढरं धोतर नेसून हजर. मला भाई म्हणायचा, शांताही भाईच म्हणायची. मी शिकलो, चढलो, आईपासून लांब राहिलो. आईच्या उशाशी मात्र रामूच असायचा. याचा मला हेवा वाटायचा की बरं वाटायचं, ते मी कधी तपासलं नाही. तपासायचं ते सगळं दुसऱ्यांचं, अशी माझी नोकरी होती.

राजभवनात एकशे चौदा खोल्या होत्या आणि मी त्यांतल्या तीन वापरत होतो. सकाळी सचिव कागद घेऊन यायचा, मसुदा तयार असायचा, मी वाचायचो, कोपऱ्यात आद्याक्षरं करायचो. लोकांना वाटतं राज्यपाल काहीतरी ठरवतो. राज्यपाल मान डोलावतो. शाळांच्या बक्षीससमारंभात एक भाषण मी अठ्ठावीस वेळा केलं आणि दर वेळी टाळ्या त्याच जागी पडल्या. जेवणात मासळी नाही, कानावर मराठी नाही. रात्री वासंती आणि मी ठाकूरद्वारच्या आवाजात बोलायचो, तेवढंच. छप्पन्नच्या जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, रामूनं कुणाकडून तरी तार करवली. आईचं खरं नाही, निघा. दिल्लीला विचारल्याशिवाय राज्यपालानं राज्य सोडायचं नाही, असा रिवाज. मी विचारलं. उत्तर आलं, सध्याच्या वातावरणात आपण मुंबईस जाणे इष्ट वाटत नाही. मी मराठी माणूस, मुंबईत चळवळ पेटलेली. मी तिथं दिसलो तर लोक भलता अर्थ काढतील. उत्तर वाचून मला राग आला होता, आणि तो राग मला आवडलाही होता. इतक्या वर्षांत मी एकदाही नियम मोडला नव्हता. सचिवाला सांगितलं, प्रकृतीच्या कारणानं मी चार दिवस जंगलातल्या विश्रांतिगृहात एकांतात आहे असं दौऱ्याच्या वहीत लिहा. त्यानं लिहिलं. वासंती राजभवनात मागे राहिली, आणि मी काळा चष्मा लावून, एका फर्निचरच्या व्यापाऱ्याच्या नावानं प्रवास करून मुंबईत आलो. बासष्टाव्या वर्षी माणूस असा चोरून आईला भेटायला येतो, आणि त्यातही त्याला शौर्य वाटतं.

मी पोचलो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुंबई वेगळी काढल्याचं रेडिओवर सांगितलं. मग शहर फुटलं. गिरगावात दगड, अश्रुधूर, गोळीबार, संचारबंदी. आम्ही खिडक्या लावून बसलो होतो. आई मधूनच शुद्धीवर यायची, माझ्या तोंडाकडे पाहायची आणि म्हणायची, रामू कुठाय? तो तिथंच असायचा. बुधवारी दुपारी सचिवाचा फोन आला की गृहखात्याकडून माझी चौकशी झालीय, उद्यापर्यंत परत आलं पाहिजे. ओळखीच्या एकानं कल्याणपर्यंत मोटारीची सोय केली. निघताना डॉक्टरांनी दिलेलं औषध मी रामूला समजावून सांगितलं, दर चार तासांनी, चुकवायचं नाही, चुकलं तर हृदय थांबेल. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं. मी माझ्या हातातलं काढलं आणि त्याच्या मनगटावर बांधलं. त्याचं मनगट जाड, पट्टा शेवटच्या भोकात बसला. तो म्हणाला, “भाई, सोन्याचं हाय ते. मला नको. मी गिरणीचा भोंगा ऐकून वेळ सांगतो.” मी म्हणालो, “गिरण्या बंद आहेत रे.” शांता आईच्या पायाशी बसून पाहत होती. मी आईला नमस्कार केला, तिला कळलंही नाही. जिना उतरताना हात हलका वाटला, एवढं आठवतं. संध्याकाळी औषध संपत आलं म्हणून संचारबंदी लागायच्या आत रामू नाक्यावरच्या औषधवाल्याकडे गेला. तिथून चार दुकानांवर एक घड्याळांचं दुकान फुटलं होतं. गोळी त्याला पाठीतून लागली. एका हातात औषधाची बाटली होती म्हणे, ती फुटली. दुसऱ्या हातावरचं घड्याळ चालू होतं.

आई तीन दिवसांनी गेली. या वेळी दिल्लीनं लगेच परवानगी दिली. मी सरकारी गाडीतून, एडीसी बरोबर घेऊन, पास दाखवत ठाकूरद्वारला आलो आणि अग्नी दिला. तोवर शांता लालबागला स्वतःचं सुतक धरून बसली होती. माझ्याबरोबर दोन पोलिस अधिकारी असताना लालबागेत जाणं योग्य दिसलं नसतं, असं मी मनाशी म्हणालो, आणि गेलो नाही. पंधरा दिवसांनी राजभवनात मुंबई पोलिसांचं पत्र आलं. मयताच्या हातावर सोन्याचे घड्याळ सापडले. ते आपण दिले असे त्याची बायको सांगते. सदर तारखेस आपण मुंबईत होता काय, याचा खुलासा व्हावा. सचिवानं मसुदा आणला. माननीय राज्यपाल सदर तारखेस अमुक जिल्ह्यात विश्रांतीसाठी होते, दौऱ्याच्या वहीत तशी नोंद आहे, सबब प्रश्न उद्भवत नाही. मसुदा चांगला होता. त्यात एकही शब्द कमी करता आला नसता. मी तो दोनदा वाचला, खिडकीपाशी गेलो, परत आलो आणि कोपऱ्यात आद्याक्षरं केली. त्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर मी झोपलोही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, वासंतीलाही नाही. खोटं बोललो याचं दुःख पुष्कळांना होत असेल. मला त्या झोपेची शरम अजून वाटते.

मुसळ थांबलं. पायऱ्यांवर पावलं आली आणि शांता दिवाणखान्याच्या दारात उभी राहिली. चार वर्षांत तिचे केस पांढरे झाले होते. हात कोपरापर्यंत लाल, पदरानं नाक-तोंड बांधलेलं, ते तिनं सोडलं. मी म्हणालो, “ये, बस.”

“हात तिखटाचे हायत,” ती म्हणाली. “उभीच बरी. साहेब, एक कागद लिवून पायजे व्हता.”

साहेब. पूर्वी मी भाई होतो. मी म्हणालो, “कसला कागद?”

“आमच्या चाळीच्या तोंडाशी पाटी लावतायत. संगमरवराची. त्या गोळीबारात आमच्या बाजूच्या चाळींतली जी मानसं गेली त्यांची नावं. सात हायत. ह्यांचं नाय. पोलिसाच्या कागदात लुटीतला म्हनून लिवलाय ना. मंडळाची पोरं चांगली हायत, म्हनतात, वयनी, आमचा इस्वास हाय, पन बाकीचे बोलतील, काय तरी कागद आना. रविवारी नावं कोरायला घेतायत. आज गुरवार. आनि पाटीचंही जाऊंदे. कोंड्याचं बघवत नाय.”

“कोंडीराम? आता मोठा झाला असेल.”

“इसाव्याला लागला. बदलीवर जातो गिरणीत. चाळीत त्याला घड्याळ्या म्हनतात. पयला मारामारी करायचा. आता नाय करीत. परवा जेवताना मला म्हनाला, आये, काय खरं असंल ते सांग, मी रागावनार नाय.” शांतानं माझ्याकडे सरळ पाहिलं. “माझा पोर मला म्हनतो, रागावनार नाय. त्याला वाटायला लागलंय बापानं घेतलं असंल म्हनून. मी सांगते, पन मी बायको, मी तर सांगनारच. तुम्ही लिवलंत तर त्याला पटंल. मी मनाशी धरून चालते की तेव्हा निरोप तुमच्यापर्यंत पोचला नसंल. पोचला असता तर तुम्ही गप बसला नसता.”

हे वाक्य तिनं अगदी सहज म्हटलं आणि मी त्याला बुडत्यानं धरावं तसं धरलं. पोचला नसेल. पत्र इंग्रजीत होतं, उत्तर इंग्रजीत होतं, चौकीवर कोण गिरणगावातल्या बाईला ते वाचून दाखवणार. मी म्हणालो, “लिहितो.” चरित्राचा कागद बाजूला सारला, कोरा घेतला. ती दारातच उभी राहिली. मी पेन टेकवलं आणि माझ्या आतला जुना न्यायमूर्ती उठून बसला. घड्याळ माझं होतं, असं लिहिलं तर ते मुंबईत केव्हा दिलं, हा पुढचा प्रश्न. केव्हा, याचं उत्तर दिलं तर दौऱ्याची वही खोटी. वही खोटी तर पोलिसांना दिलेला खुलासा खोटा, आणि त्याच्या कोपऱ्यात माझी आद्याक्षरं. मंडळाच्या पोरांतला एखादा हुशार निघेल, तो कागद काढील, छापील. मी स्वतःला विचारलं, जाईल काय? पेन्शन कोणी बंद करत नाही. तुरुंगात कोणी घालत नाही. एक तारखेला पुढच्या रांगेत खुर्ची ठेवणार होते, ती कदाचित ठेवणार नाहीत. वाडीतले लोक मला पाहून उभे राहतात, ते जरा सावकाश उभे राहतील. एवढंच. एवढ्यासाठी माणूस दुसऱ्याचा बाप चोर राहू देतो, हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं, आणि दिसत असूनही माझा हात दुसरंच लिहीत होता. ‘कै. रामचंद्र यास मी लहानपणापासून ओळखत होतो. तो प्रामाणिक, निर्व्यसनी व कष्टाळू होता. त्याच्या हातून गैरकृत्य घडणे मला संभवनीय वाटत नाही.’ असे दाखले मी आयुष्यात शेकड्यांनी दिलेत. ते कुणाच्या उपयोगी पडत नाहीत आणि कुणाला नडतही नाहीत. खाली सही केली. सही छान आली.

मी कागद पुढं केला. तिनं हात पुढं केला नाही. “वाचा ना एकदा, साहेब,” ती म्हणाली. “काय लिवलंय ते कानांनी आयकू दे.”

वासंती तिच्या मागं येऊन उभी राहिली होती. मी चष्मा नीट केला. कागदावरची पहिली ओळ मला दिसत होती, आणि ती या दोघींसमोर मोठ्यानं वाचणं मला जमेना. कागद हातात धरून मी बोलायला लागलो. “माझ्या हातातलं घड्याळ मी माझ्या हातानं रामूच्या मनगटावर बांधलं. माझ्या आईला चार-चार तासांनी औषध द्यायचं होतं, आणि घरात दुसरं घड्याळ चालत नव्हतं. त्याला ते नको होतं, मीच बळेच बांधलं. तो आईचं औषध आणायला गेला होता. रामू चोर नव्हता.” हे शब्द मी कधी मनातही जुळवले नव्हते. ते कुठून आले कोण जाणे. चार वर्षांत प्रथमच मी खरं बोललो होतो, आणि तेसुद्धा खोट्या कागदावरून. वासंतीनं डोळ्याला पदर लावला. मिरचीनं नव्हे.

शांता रडली नाही. ती ओठ हलवत होती, पाठांतर करावं तसं. मग म्हणाली, “परत एकदा वाचा.”

मी परत सुरुवात केली. “रामूला घड्याळ मी दिलं होतं. आईच्या औषधाच्या वेळा सांभाळायच्या होत्या म्हणून. तो—”

“मगाशी ‘माझ्या हातानं बांधलं’ असं व्हतं,” ती म्हणाली. “आता ‘दिलं’ आलं. आनि त्याला नको व्हतं, ते गेलं.” तिचा आवाज चढला नव्हता. “कागद तोच हाय ना, साहेब?”

जन्मभर मी साक्षीदारांना असं पकडलंय. दोनदा तेच विचारायचं, शब्द बदलला की माणूस हातात येतो. ज्याला अक्षर येत नाही त्याला सगळं डोक्यात ठेवावं लागतं, आणि डोक्यातलं कुणाला बदलता येत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. वासंतीनं पुढं येऊन माझ्या हातातला कागद घेतला, वाचला, आणि टेबलावर पालथा ठेवला. तिनं टेबलावरून कोरा कागद उचलून माझ्यापुढं ठेवला.

“मगाचंच लिवा,” शांता म्हणाली. “पयल्यांदा बोललात ते. मी सांगते.” आणि ती सांगायला लागली. माझं वाक्य, माझ्याच शब्दांत, मी जिथं थांबलो होतो तिथं थांबत. माझ्या हातातलं घड्याळ. मी माझ्या हातानं. मी लिहीत गेलो. माझे आजोबा साहेबांच्या खोलीत उभ्यानं असं लिहून घ्यायचे, साहेब फेऱ्या घालत सांगायचा. आमच्या घराण्याची मूळची विद्या हीच. पेनाचा आवाज आणि तिचा आवाज, एवढंच चाललं होतं. रामू चोर नव्हता, इथं मी पूर्णविराम दिला आणि सही करायला खाली जागा सोडली.

“अजून हाय,” ती म्हणाली. “लिवा. ह्याबद्दल पोलिसाचं पत्र मला आलं व्हतं.”

पेन थांबलं. “शांता, तुला—”

“तेव्हाच वाचून दाखवलान मला. चौकीवर एक साहेब व्हता, त्यानं मराठीत सांगितलान. म्हनाला, बाई, तुमचे साहेब तर म्हनतात ते इथं नव्हतेच. मी म्हटलं, असंल, त्यांना काय तरी अडचन असंल. चार वर्सं मी तेच म्हनत आले. कोंड्याला हे सांगितलं नाय. सांगितलं असतं तर तुमच्यावरचा इस्वास गेला असता त्याचा. मग घड्याळ तुम्ही बांधलंत, हे तरी त्यानं कशावर धरलं असतं?”

म्हणजे ती चार वर्षं मला सांभाळत होती, आपल्या मुलासमोर. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. तरीही तोंडातून निघालं, “घड्याळाचं लिहिलंय, तेवढं पुरेल.” माणसाची जित्याची खोड.

“नाय पुरनार. ते इचारतील, मग तेव्हा का नाय बोलले. तुम्ही वकील, तुमालाच ठावं.”

“लिहा,” वासंती म्हणाली. “मीही ऐकतेय.”

मी लिहिलं. याबाबत पोलिसांचे पत्र मला आले होते. मी मुंबईत नव्हतो असे उत्तर मी दिले. ते खोटे होते. शेवटचं वाक्य शांतानं सांगितलं नव्हतं. पूर्ण नाव लिहिलं, माजी राज्यपाल लिहिलं, ठाकूरद्वार लिहिलं, तारीख घातली. मग वासंतीनं तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला, आणि शांता पुन्हा ओठ हलवत ऐकत राहिली. या वेळी ती काही म्हणाली नाही. वासंतीनं आणलेल्या तांब्यातल्या पाण्यानं तिनं खिडकीबाहेर हात धुतले, पदराला कोरडे केले, आणि कागद कडेला धरून घेतला, डाग पडू नये म्हणून. शाई वाळेपर्यंत त्यावर हलके फुंकर घातली. मला वाटत होतं, आता ती काहीतरी बोलेल. झालं गेलं, असं काही. निदान भाई म्हणेल. सहासष्ट वर्षांचा माणूस मी, टेबलाशी बसून त्या एका शब्दाची वाट पाहत होतो, आणि आपण वाट पाहतोय हे मला कळत होतं.

“वयनी, संभार सगळा कांडून झालाय,” ती वासंतीला म्हणाली. “चाळून बरणीत तेवढा भरा. पुढच्या वर्साला दुसरी बाई बघा.”

“शांता,” मी म्हणालो. “माझं चुकलं.”

ती दाराशी थांबली, वळली.

“होय,” ती म्हणाली.